दुसऱ्या खुर्चीसाठी अर्ज

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शुगरच्या तपासणीला पेशंटबरोबर घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही आत बोलावण्याबाबत.

महोदय,

मी पेशंट नाही. माझी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर अजून तरी ठीक येते. पण माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना, दोघांनाही मधुमेह आहे. नवऱ्याचं वजन जास्त, सासूबाई काटकुळ्या, आणि दोघांचा स्वयंपाक माझ्याकडे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे हाती येईल ते वाचत बसायची खोड आहे. एवढ्या भांडवलावर आपल्याला हे पत्र लिहिण्याचं धाडस करते आहे.

आमच्याकडे सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरची ओपीडी असते. गोळ्या फुकट मिळतात. डॉक्टर तरुण आहेत, पेशंटवर खेकसत नाहीत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्या खोलीच्या मांडणीबद्दल आहे. आत टेबलासमोर एकच स्टूल असतं. नातेवाइकांनी व्हरांड्यात थांबायचं. आत समुपदेशन करणाऱ्या ताई नवऱ्याला समजावतात. भाकऱ्या किती, भात किती आणि कशाबरोबर, कोशिंबीर जेवणाच्या सुरुवातीला का, फळं कोणती, माणशी तेल किती. चांगली दहा मिनिटं बोलतात, काचेतून दिसतं मला. मग नवरा बाहेर येतो.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. गोड बंद करा म्हणाल्या."

तो काही लपवत नसतो. त्याला खरोखर तेवढंच कळलेलं असतं, कारण बाकीच्या सूचना ज्या वस्तूंबद्दल होत्या त्या वस्तूंशी त्याचा आयुष्यात कधी संबंध आलेला नाही. तेलाची किटली कुठे असते हे त्याला माहीत आहे, पण एका भाजीला ती किती वाकडी होते हे माहीत नाही. भाताला किती वाट्या तांदूळ घ्यायचे हे त्याला साठीतही सांगता येणार नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याला सगळं सांगून झालेलं असतं, आणि जिच्या हातात पळी आहे ती बाहेर केसपेपर सांभाळत उभी असते.

आपल्या आरोग्य यंत्रणेचा सीबॅक नावाचा एक फॉर्म आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघर फिरून तो भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का. या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की दोन गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. फॉर्म सुटसुटीत आहे, मला आवडला. पण त्यात घरचे लोक येतात ते त्या एका ओळीत, आणि तेही धोका म्हणून. पुढच्या भागात तर स्वयंपाक कशावर होतो, लाकडावर, गोवऱ्यांवर की गॅसवर, हेही विचारलेलं आहे. फुप्फुसाच्या आजारासाठी तो प्रश्न योग्यच आहे. फक्त तो स्वयंपाक कोण करतं, हे विचारायचं राहून गेलं.

२०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि खाण्यातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. दहा नामवंतांची नावं घेतली, त्यात खेळाडू होते, नट होते, गायिका होती, उद्योगपती होते, आणि त्यांनी आणखी दहा-दहा जणांना हे आव्हान द्यायचं होतं. कल्पना चांगली आहे, कारण तिच्यात सोबत गृहीत धरलेली आहे. मी तेव्हापासून तेलाचा नवा डबा फोडला की त्यावर मार्करनं तारीख घालते. कुठल्या महिन्यात डबा लवकर संपला हे लगेच कळतं, आणि पाहुणे कोण आले होते हेही. पण मनात आलंच, की त्या यादीतल्या कितींच्या घरी तेलाचा डबा ते स्वतः फोडत असतील?

घरात एकाला शुगर निघाली की पहिली प्रतिक्रिया असते 'आता वेगळा स्वयंपाक आला'. मीही सुरुवातीला वेगळा करून पाहिला. तो टिकत नाही. कामाचा भाग सोडाच, ज्याच्या ताटात वेगळं वाढलं जातं त्याला ती रोज दोन वेळची शिक्षा वाटते. शेजारच्या ताटात बटाट्याची भाजी आणि आपल्या ताटात दुधी, यात दुधीचा दोष नसतो. आता आमच्याकडे एकच स्वयंपाक असतो. भाजी जास्त, उसळ रोज, भात मोजून, ज्वारीची भाकरी. (ज्वारीची म्हणून चार खाल्ल्या तर शुगर वाढणारच, हे सासूबाईंना पटवायला मला वर्ष लागलं. गुळाचंही तेच. 'साखर नाही गं घातली, गूळच घातलाय' हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही ते घर मला दाखवा.) माझा मुलगा पुण्याहून आला की तोही तेच जेवतो आणि कुरकुर करतो. करू दे. वडिलांना मधुमेह म्हणजे त्याच्याही सीबॅकमध्ये ते दोन गुण आहेतच.

अमेरिकेत मधुमेही लोकांचं वजन कमी करण्याची 'लुक अहेड' नावाची मोठी चाचणी झाली. तीत भाग घेतलेल्यांच्या जोडीदारांचं वजनही संशोधकांनी मोजलं. जोडीदारांना कसलाच सल्ला दिलेला नव्हता. तरीही ज्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला आहार-व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळत होतं त्यांचं वजन वर्षभरात सरासरी २.२ किलोंनी उतरलं. दुसऱ्या गटातल्या जोडीदारांचं जवळपास होतं तेवढंच राहिलं. २००८ साली हे छापून आलं. एकावर केलेला खर्च दोघांना लागू पडतो, हे वित्त विभागालासुद्धा आवडण्यासारखं आहे.

आता सासूबाईंचं सांगते, कारण माझा अर्ज खरं म्हणजे त्यांच्यावरून सुरू झाला. एका एकादशीला त्यांनी दिवसभर उपास केला. फराळाला घोटभर दूध आणि दोन खजूर, आणि संध्याकाळची गोळी मात्र नेमानं घेतली. त्यांची गोळी शुगर खाली आणणारी, पोटात अन्न असो वा नसो आपलं काम करणारी. रात्री दोनच्या सुमाराला त्या उठून बसल्या. अंगावरचं पातळ घामानं चिंब, हात थरथरत होते, आणि मला म्हणाल्या, 'तू कोण? माझ्या घरात काय करतेस?' नवऱ्याला वाटलं अंगावरून वारं गेलं. मला वाटलं स्वप्नात आहेत. शेजारी निवृत्त नर्सबाई राहतात, त्यांना उठवून आणलं. त्यांनी आधी बोटाला टोचून बघितलं, मशीनवर ४८ आकडा आला. म्हणाल्या, साखरेचं पाणी करा, तीन चमचे घाला. आणि माझा नवरा, स्वतः पेशंट असलेला, त्यांना अडवत म्हणाला, 'अहो शुगरच्या माणसाला साखर काय देता?'

तीन चमचे साखर दिली. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, आकडा वर आला होता. सासूबाई इकडेतिकडे बघून म्हणाल्या, 'एवढी गर्दी कशाला जमलीय?' मग त्यांना दूध-पोळी चारली. एकादशी मोडली म्हणून त्या आठवडाभर माझ्यावर रुसल्या होत्या, तो भाग वेगळा.

शुगर ७० च्या खाली गेली की लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. एवढं साधं आहे. हे दवाखान्यात सांगितलं गेलं नसेल असं मी म्हणत नाही. सांगितलं असेल, सासूबाईंना. पण शुगर उतरली की जिची उतरली तिचंच डोकं चालेनासं होतं. तिला दिलेली माहिती नेमकी त्याच वेळी कुलुपात जाते. ती दुसऱ्या कोणाला तरी पाठ असायला हवी, आणि ते दुसरं कोणीतरी व्हरांड्यात उभं होतं. पायाच्या तळव्यांचंही तसंच आहे. ज्याला बधिरपणा आलाय त्याला खिळा टोचलेला कळत नाही, आणि सत्तरीतल्या बाईला स्वतःचा तळवा वाकून बघता येत नाही. रोज रात्री तो दुसऱ्यानंच बघायचा असतो.

हे झालं सासूबाईंचं. त्यांचं करायला मी आहे. माझ्या वयाच्या बायकांचं काय होतं ते तुम्हाला आमच्या आळीत येऊन बघावं लागेल.

आमच्या समोरच्या काकूंना शुगर आहे, पाच-सहा वर्षं झाली. घरात सहा माणसं. काकांना बीपी आहे म्हणून त्यांची भाजी कमी मिठाची, वेगळी निघते. मुलाला डब्याला पोळ्या लागतात, नातवंडांना वरणभात. काकूंसाठी वेगळं काही निघत नाही. निघालंच तर त्याला 'चोचले' म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत त्या स्वतःच पहिल्या असतात. सगळ्यांची पानं उठली की तीनच्या सुमाराला त्या बसतात आणि उरलंसुरलं खातात. उरतो काय, भात. कोशिंबीर कधीच उरत नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा होतो, तोही त्यांच्याच वाट्याला, कारण टाकवत नाही. गोळी जेवणाआधी घ्यायची असते, पण जेवणाची वेळच ठरलेली नाही. संध्याकाळी चालायला जा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तर ती वेळ दिवे लागणीची आणि चुलीची. एकट्या बाईनं कालव्याच्या रस्त्यानं कुठे जायचं?

पुरुषाला शुगर झाली की घर कामाला लागतं. बाईला झाली की बाई कामाला लागते, स्वतःच्या पथ्यासाठी, आणि बाकीचं सगळं होतंच. म्हणून मी जी दुसरी खुर्ची मागते आहे ती नेहमी सुनेसाठी किंवा बायकोसाठी नाही. पेशंट बाई असेल तर त्या खुर्चीवर तिच्या नवऱ्याला किंवा कर्त्या मुलाला बसवावं. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून सांगावं, की यांचं जेवण दुपारी एकला झालं पाहिजे आणि ते बघणं तुमच्याकडे आहे. मी सांगून काका ऐकणार नाहीत. पांढऱ्या कोटानं सांगितलं तर ऐकतील. आमच्या गावात कोटाला अजून वजन आहे.

वजनावरून आठवलं. मदतीचाही एक वाईट प्रकार असतो, आणि तो आपल्या घरांत भरपूर चालतो. नवऱ्यानं भाताकडे हात नेला की माझी नणंद चारचौघांत म्हणते, 'दादा, पुन्हा भात?' तिचा हेतू चांगला असतो. परिणाम असा झाला की एक दिवस स्कूटरच्या डिकीत मला वडापावचे तेलकट कागद सापडले, एक नव्हे, चांगली घडी करून ठेवलेले. टोकलं की माणूस खाणं सोडत नाही, दाखवून खाणं सोडतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीला लहानपणापासून प्रत्येक लग्नात कोणीतरी 'जाडे' म्हणून हाक मारतं, आणि त्याच पंगतीत तिच्या पानात आग्रहानं तिसरी जिलेबी वाढतं. दोन्हीला प्रेम असंच नाव आहे. आग्रह हा आपल्याकडे यजमानाचा धर्म समजतात. 'एवढ्यानं काय होतंय' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट बघावा लागत नाही.

आणि वजनाची ही चेष्टा सगळी जाड माणसांच्याच वाट्याला येते, म्हणून बारीक माणसांकडे कोणाचं लक्षच जात नाही. 'एवढ्या काटकुळ्या बाईला शुगर कशी?' हे सासूबाईंना भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो. याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असतात, पण अंगातली चरबी त्या मानानं कमी नसते, हे त्यातून पुढे आलं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं असतं. घरात वजनकाटा नसला तरी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये टेप असते. एका रविवारी आम्ही सगळ्यांनी एकमेकांचे घेर मोजले. जो सर्वात जास्त हसत होता त्याचाच आकडा सर्वात मोठा निघाला.

मित्रांबद्दल लिहायचं तर टपरीपासून लिहावं लागेल. नवऱ्याचा सकाळचा अड्डा एसटी स्टँडजवळच्या टपरीवर, पाच जणांचा. दवाखान्यात 'चहात साखर नको' सांगतात. सांगणाऱ्यानं टपरीवर चहा कसा होतो हे बघितलेलं नसावं. मोठ्या पातेल्यात पाणी, दूध, पत्ती, आलं आणि साखर एकदमच उकळते. साखर कपात पडत नाही, ती आधीच पातेल्यात असते. बिनसाखरेचा हवा तर वेगळं भांडं चढवावं लागतं, आणि सकाळच्या गर्दीत एका कपासाठी टपरीवाला ते का करील? मागणाऱ्यालाही लाज वाटते. 'का रे, शुगर लागली का?' असं कोणीतरी हमखास विचारतं, आणि पुढच्या चौकापर्यंत बातमी पोचते. त्यापेक्षा दोन कटिंग गुपचूप पिऊन घरी यावं, घरी बिनसाखरेचा तिसरा घ्यावा आणि पथ्य पाळल्याचं समाधान मानावं, असा नवऱ्याचा शिरस्ता होता.

मग त्या पाचांतल्या एकाच्या पायाचा अंगठा काढावा लागला. जखम चिघळली होती, आणि आपल्याला शुगर आहे हे त्यानं या चौघांना कधी सांगितलंच नव्हतं. तो दवाखान्यातून परतल्यावर पाचही जणांनी टपरीवाल्याला सांगितलं, आम्हाला सगळ्यांना बिनसाखरेचा. त्यांतल्या दोघांना काहीच झालेलं नाही, तरी तेही. पाच कप म्हटल्यावर टपरीवाल्याला वेगळं भांडं परवडलं. आता ते भांडं बाराही महिने चढलेलं असतं आणि इतर गिऱ्हाइकंही त्यातला मागतात, कारण मागायला आता लाजावं लागत नाही. माझ्या बोलण्यानं जे वर्षांत झालं नाही ते त्या पाचांनी एका सकाळी केलं. मला थोडा रागच आला होता, खरं सांगायचं तर.

अमेरिकेत रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी या संशोधकांनी १९९९ साली हेच मोजून दाखवलं. वजन कमी करण्याच्या वर्गाला काही लोक एकटे आले, काही तीन-तीन मित्र किंवा नातलग बरोबर घेऊन आले आणि त्यांना एकमेकांना धरून राहायची पद्धतही शिकवली. एकट्यांपैकी ७६ टक्क्यांनी कोर्स पुरा केला, गटानं आलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. त्यानंतर सहा महिन्यांनी बघितलं तर उतरलेलं वजन पुरतं टिकवलेले लोक एकट्यांत २४ टक्के होते, गटात ६६. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मूळ कल्पनेवरून दिवसातून दोनदाच जेवायची मोहीम काढली, तेव्हा गावोगाव लोकांनी ती धरली. तिच्या शास्त्राबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. इन्सुलिन किंवा शुगर पाडणारी गोळी चालू असलेल्यानं डॉक्टरांना न विचारता तिच्या वाटेला जाऊ नये, हे सासूबाईंची ती रात्र बघितलेली मी तर म्हणेनच. पण जे लोक तिच्यावर टिकले ते कशामुळे टिकले असं मला विचाराल तर व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. आज काय खाल्लं, किती चाललो, हे सांगायला कोणीतरी होतं.

आपल्या खात्यात हे कोणाला माहीत नाही असं नाही. २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं जागतिक मधुमेह दिनाचा विषयच 'कुटुंब आणि मधुमेह' होता. आशांच्या प्रशिक्षण पुस्तिकेत रुग्णांच्या आधारगटांचा उल्लेख आहे. पण भिंतीवरच्या पोस्टरातलं कुटुंब ओपीडीच्या दारातून आत येत नाही.

ते आत घेतल्यानं काय होतं हे बघायला फार लांब जायला नको. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या पुढाकारानं केरळात ७५० कुटुंबांचा अभ्यास झाला. प्रत्येक घरात कोणाला तरी कमी वयात हृदयविकार झालेला होता. निम्म्या घरांत डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते दोन वर्षं जात राहिले आणि पेशंटच्या जोडीदाराला, भावंडांना, मुलांना धरून काम करत राहिले. बीपी, उपाशीपोटीची साखर, वाईट कोलेस्टेरॉल आणि तंबाखू, या चारांपैकी निदान तीन गोष्टी काबूत असलेले लोक या घरांत ६४ टक्के निघाले. नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्या घरांत ४६ टक्के. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. आणि झाकून ठेवू नये म्हणून हेही सांगते, की त्याच केरळात नेय्याट्टिनकरा तालुक्यात ६० मतदान केंद्रांच्या हद्दींत, मधुमेहाचा धोका असलेल्या हजारभर लोकांचे आपापसातले आधारगट बांधून पाहिले, तेव्हा दोन वर्षांनी मधुमेह झालेल्यांचं प्रमाण गटांत १४.९ टक्के आणि बाहेर १७.१ टक्के आलं. हा फरक योगायोगानंही पडू शकतो एवढा लहान आहे, असं त्या संशोधकांनीच लिहिलं. भाज्या-फळं खाणं वाढलं, दारू कमी झाली, हे फायदे झाले. दोन अभ्यासांतली माणसं वेगळी, उद्देश वेगळे, त्यांची सरळ तुलना करता येत नाही हे मला कळतं. तरी नुसता गट बांधून साखर उतरेल असं मी तरी धरून चालणार नाही. आमच्या टपरीवरसुद्धा भांडं बदललं तेव्हाच चहा बदलला.

म्हणून माझी मागणी लहान आहे. शुगरचं निदान झाल्यावरच्या दुसऱ्या भेटीला पेशंटनं घरचं एक माणूस बरोबर आणावं, त्याचं नाव केसपेपरवर लिहावं, त्याला बसायला जागा द्यावी आणि शुगर उतरली तर काय करायचं हे त्याच्याकडून म्हणून घ्यावं, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. त्याच दिवशी त्याचीही शुगर तपासावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज होता. शेजारच्या गोव्यात तर शंभरात २६. उंबरठ्यावरचे ते लोक कुठे शोधायचे? व्हरांड्यात उभे आहेत. आणि आठवड्यातून एक दिवस ही ओपीडी संध्याकाळी ठेवा. सकाळी अकराला कामावरून सुटून बायकोबरोबर दवाखान्यात येणारा नवरा तुम्हाला सापडणार नाही, रोजावर असेल तर नाहीच नाही.

हे सगळं आशाताईंच्या डोक्यावर टाकून मोकळं होऊ नये, ही विनंती वेगळी करते. मोबदल्यासाठी त्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं ते आम्ही बघितलं आहे. घरभेटी वाढवायच्या तर त्यांचे पैसे वाढवा. केरळातल्या त्या घरांत जे कार्यकर्ते जात होते त्यांना नेमकं हेच काम दिलेलं होतं, दहा कामांवरचं अकरावं म्हणून नव्हे.

राज्यभर एकदम सुरू करू नका. एका जिल्ह्यात चार तालुके घ्या. दोन तालुक्यांत घरच्या माणसाला आत बोलवा, दोन तालुक्यांत आज चालतं तसंच चालू द्या. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांची एचबीएवनसी करा, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी हातात येईल आणि आदल्या दिवशी उपाशी राहून कोणाला फसवता येणार नाही. वजन आणि कमरेचा घेर मोजा, बायकांचे आकडे वेगळे काढा. फरक पडला तर पुढच्या जिल्ह्यात जा. नाही पडला तर तेही आकड्यांसकट जाहीर करा.

कळावे,
आपली,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका